आहेरात आलेलं हरीण भिंतीला कसं लावावं
(न्यूझीलंडमधल्या मराठी घरांसाठी, अगदी पहिल्यापासून)

आयुष्यात भिंतीवर कालनिर्णय सोडून दुसरं काहीही न लावलेल्या, आणि सध्या ज्यांच्या सोफ्यावर एक लाल हरीण खांद्यापासून वर बसलेलं आहे, अशा सद्गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. इतरांनीही वाचून ठेवावं. असं हरीण कुणाच्या घरी कधी येईल, याचा नेम नाही.

ते येण्याच्या वाटा तीन. घर विकत घेतलं आणि आधीचा मालक ते भिंतीवरच सोडून गेला, ही पहिली. रात्री उशिरा ट्रेड मीवर गंमत म्हणून बोली लावली आणि लिलावात समोर दुसरं कुणी नव्हतंच, ही दुसरी. तिसरी आणि सर्वांत अवघड वाट म्हणजे व्याही. मुलाने साउथलंडची मुलगी केली, पत्रिकेवर 'आहेर स्वीकारला जाणार नाही' ही ओळ छापायची राहिली, आणि ते आपल्या हाताने मारलेलं, आपल्या भिंतीवर वीस वर्षं मिरवलेलं हरीण गाडीच्या मागच्या बाजूला दोरीने बांधून घेऊन आले. पैठणी कपाटात ठेवता येते, चांदीचं ताट बँकेत ठेवता येतं. हरीण ठेवायला जागा एकच, आणि व्याही पुढच्या ईस्टरला येणार आहेत.

तेव्हा कामाला लागू.

भिंतीआधी माणसांची तयारी करावी, कारण भिंत विरोध करत नाही. सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करावी. त्यांना सांगावं की या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारा एकही मूळचा सस्तन प्राणी नाही. हरणं इंग्रजांनी १८५१ पासून शिकारीच्या हौसेपायी बोटीतून आणली. सांबर १८७५ मध्ये श्रीलंकेहून मानावाटूला आलं, तेच आपल्या ताडोबातलं सांबर. हिमालयातला ताहर १९०४ मध्ये बेडफर्डच्या ड्यूककडून आला. वापिटी हे मोठं हरीण १९०५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी भेट दिलं, आणि शॅम्वा १९०७ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने. म्हणजे इथल्या भिंतींवरचा झाडून सगळा गोतावळा बोटीने आलेला आहे. व्हिसासाठी खेटे मात्र आपणच घातले. इथे वाघ नाही, बिबट्या नाही, त्यामुळे हरणं इतकी माजली की डोंगरउतारावरचं रान खाऊन फस्त करू लागली. १९३० पासून सरकारने पगारी शिकारी नेमले. १९७७ च्या कायद्याने हरीण, ताहर, शॅम्वा, रानडुक्कर यांची नोंद नियंत्रणात ठेवायच्या रानटी जनावरांत आहे.

एवढं ऐकून सासूबाई म्हणतील, "एवढं उपद्रवी होतं, तर घरात कशाला आणलंत?"

याला उत्तर नाही. विषय बदलावा. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. संतोष गायकवाड मेलेल्या जनावरांची कातडी टिकवायचं काम करतात, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून त्यांचं केंद्र आहे, आणि आपोआप मेलेल्या वाघ-सिंहांची कातडी ते अशी उभी करतात की मुलं लांबूनच थबकतात, असं सांगावं. त्यात 'मराठी माणूस आहे' हे वाक्य आधी घ्यावं. बराच फरक पडतो. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचं नावही काढायला हरकत नाही. त्या संग्रहालयात वाघांपासून सगळी मंडळी आहेत, आणि ती सासूबाईंनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे. फक्त एक सांगून ठेवतो. उद्या परत जाताना हे हरीण पुण्याला न्यायचं मनात आणू नका. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि विमानतळावरच्या साहेबाला व्याह्यांचं प्रेम समजावून सांगणं अवघड जाईल.

आता वजन. न्हाणीघरातला काटा आणावा, आधी एकट्याने उभं राहावं, मग हरीण कवेत घेऊन उभं राहावं, आणि वजाबाकी करावी. हरीण कवेत असताना स्वतःला काट्यावरचा आकडा दिसत नाही. तो दुसऱ्याने वाचायचा, आणि वाचणाऱ्याने शिंगांच्या टप्प्याबाहेर राहायचं. आत पेंढा भरलेला असतो अशी आपली समजूत असते. हल्लीच्या कामात आत फोमचा साचा असतो, वर कमावलेलं कातडं आणि काचेचे डोळे. खरीखुरी फक्त शिंगं आणि ते कातडं. जुन्या कामात आत लाकूड आणि प्लास्टरही निघतं, ते फार जड. जुनं हरीण उचलताना हातमोजे घालावेत. विसाव्या शतकातही बरीच वर्षं कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून सोमलाचा साबण चोळायची पद्धत होती, आणि तो सोमल अजून तिथेच असतो.

समजा, वजन वीस किलो भरलं. नवशिका म्हणतो, वीस किलो म्हणजे तांदळाची एक गोणी, त्यात काय! पण गोणीला मान नसते. हरणाची मान भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे येते आणि त्यापुढे तोंड, त्यामुळे भार भिंतीलगत खाली न जाता पुढे झुकतो. हिशेब सोपा आहे. भाराचा मध्य भिंतीपासून ३० सेंटिमीटर पुढे, आणि मागच्या फळीचा वरचा स्क्रू तिच्या खालच्या कडेपासून ४० सेंटिमीटर वर. वीस गुणिले तीस, भागिले चाळीस. म्हणजे वीस किलो खाली ओढतात ते वेगळेच, शिवाय वरचा स्क्रू सरळ बाहेर उपसायला पंधरा किलो सतत लागलेले असतात. रात्री, सुट्टीच्या दिवशी, तुम्ही पुण्याला गेलेले असतानाही. खिळा या ओढीला फार दिवस दाद देत नाही, अलगद निसटतो. म्हणून या मार्गदर्शनात हातोडी लागणार नाही. ती गॅरेजमध्ये ठेवून या.

जागा निवडताना घरात वास्तुशास्त्राची चर्चा निघेल. निघू द्यावी, पण एक लक्षात ठेवावं की इथे ऊन उत्तरेकडून येतं. उत्तरेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर हरीण लावलं तर चार-पाच उन्हाळ्यांत त्याचा रंग उडतो आणि ते पिवळट दिसायला लागतं. हीट पंपाच्या झोतात लावलं तर कातडं सुकून शिवणीवर आणि डोळ्यांच्या कडांशी तडकतं. बाहेरच्या ओलसर भिंतीवर, जिथे हिवाळ्यात काळी बुरशी धरते, तिथेही नको. ओट्याच्या आसपास तर मुळीच नको. मोहरी-हिंगाची फोडणी वर्षभर बसलेलं हरीण पुसणं म्हणजे काय ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा तो विषय काढत नाही. देवघराच्या समोर नको, कारण गणपतीकडे टक लावून पाहणारं जनावर सासूबाईंना चालणार नाही. पाठीमागेही नको, कारण मग गणपतीच्या डोक्यावर शिंगं दिसतात.

आणि पलंगाच्या डोक्याशी तर कधीच नको. हा एवढा भाग विनोदाचा नाही. कँटरबरीचा ४ सप्टेंबर २०१० चा भूकंप पहाटे साडेचारनंतर झाला, कायकोउराचा १४ नोव्हेंबर २०१६ चा मध्यरात्री बाराला. दोन्ही वेळा माणसं अंथरुणात होती. २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी ख्राइस्टचर्च हललं आणि १८५ माणसं गेली. या देशात भिंतीवर काही टांगायचं तर ते नुसतं पडणार नाही एवढं पाहून भागत नाही; भिंत हलली तरी ते जागा सोडणार नाही असं पाहावं लागतं. बसायच्या सोफ्यावर आणि बाहेर पडायच्या दारावरही म्हणूनच नको.

उरलेल्या जागेत उंची मोजावी. इथल्या बहुतेक नव्या घरांचं छत २.४ मीटरवर असतं आणि चांगल्या लाल हरणाची शिंगं कपाळापासून तीन फुटांच्या घरात जातात. म्हणजे शिंगं छताला लागू नयेत म्हणून हरीण खाली आणलं, की त्याचं नाक घरातल्या उंच मुलाच्या नाकासमोर येतं. वर्तमानपत्राचे कागद जोडून हरणाएवढा आकार कापावा, रंगाऱ्याच्या कागदी चिकटपट्टीने भिंतीवर लावावा आणि तिथून धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन दोन दिवस येजा करावी. तिसऱ्या दिवशी जागा बदलाल.

आता भिंत.

आपल्या डोक्यातली भिंत नऊ इंची असते. विटा, सिमेंट, वर गिलावा. तिच्यात लाकडी गुटका ठोकला की गणपतीच्या मखराचा खांबही पेलतो आणि आजोबांचा फोटोही. न्यूझीलंडच्या घरात हे सगळं विसरावं. इथे सुतार पाइनच्या लाकडाचा सांगाडा उभा करतो, उभी लाकडं साधारण ९० बाय ४५ मिलिमीटरची, ४०० किंवा ६०० मिलिमीटर अंतरावर. त्यांना इथे स्टड म्हणतात, आणि दोन स्टडच्या मधे आडवे ठोकलेले तुकडे ते ड्वांग. या सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी दहा मिलिमीटर जाडीचे जिप्समचे तक्ते लावतात, वर कागद, वर रंग. झाली भिंत. तक्त्यांचं नाव जिब. खरं तर ते एका ब्रँडचं नाव, पण वनस्पती तुपाला आपण जसं सरसकट डालडा म्हणायचो तसं इथे कुठल्याही जिप्समच्या तक्त्याला जिब म्हणतात. २०२२ मध्ये त्याचाच तुटवडा पडला तेव्हा देशभर घरबांधणी अडली आणि सरकारला कृती दल नेमावं लागलं. ज्या वस्तूवाचून देश अडतो तिच्यात हातोडीच्या एका ठोक्याने भोक पडतं, हे ध्यानात असू द्यावं.

तेव्हा या विषयातलं खरं कौशल्य एकच, स्टड शोधणं. हरीण जिबवर टांगायचं नसतं, जिबच्या आतल्या लाकडावर टांगायचं असतं.

शोधायची पहिली पद्धत, बोटाच्या पेराने ठोकणं. आवाज पोकळ आला तर आत हवा, भरीव आला तर लाकूड. नवशिक्याला पहिल्या तासात सगळीकडे सारखाच आवाज येतो, दुसऱ्या तासात सगळीकडे लाकूड आहे असं वाटू लागतं. म्हणून दुसरी पद्धत. संध्याकाळी दिवे घालवून हातबत्ती भिंतीला गाल लावल्यासारखी चिकटवून धरावी, उजेड भिंतीवरून सरपटत गेला पाहिजे. दिवसा आरशासारखी सपाट वाटणारी भिंत अशा उजेडात खरी दिसते. तक्त्यांच्या सांध्यावरचा लांब उंचवटा दिसतो, आणि एका उभ्या रेषेत, एकाखाली एक, रुपयाएवढ्या बुजवलेल्या खळ्या दिसतात. त्या खळ्यांखाली जिबचे स्क्रू आहेत आणि स्क्रूंखाली स्टड. तिथे लहान, पण जोरकस चुंबक फिरवावं. स्क्रूच्या डोक्यावर ते टपकन चिकटतं आणि हात सोडला तरी भिंतीवरच राहतं. हार्डवेअरच्या दुकानात स्टड शोधायचं विजेचं यंत्रही मिळतं. ते कधी कधी पाइपावरही आनंदाने किंचाळतं, म्हणून चुंबकाची साक्ष काढल्याशिवाय त्याचं खरं मानू नये.

एक स्टड सापडला की शिसपेन्सिलने खूण करावी, तिथून ४०० आणि ६०० मोजून दुसरा शोधावा. स्टडच्या दोन्ही कडा बारीक खिळ्याने चाचपून मधली रेघ मारावी. ती भोकं पुढे बसवायच्या फळीमागे झाकली जातात. विजेच्या बटणाच्या किंवा सॉकेटच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये, वायर बहुधा तिथूनच उभी जाते. पलीकडे न्हाणीघर असेल तर त्या भिंतीचा नाद सोडावा.

जुन्या घरांत वेगळाच संसार असतो. ऑकलंड-वेलिंग्टनच्या शंभर वर्षांच्या व्हिलात कागदी वॉलपेपरमागे गोणपाट ताणलेलं असतं आणि त्यामागे सलग आडव्या फळ्या. सांगाडा बऱ्याचदा रिमूचा, आणि शंभर वर्षं वाळलेलं रिमू म्हणजे जवळजवळ लोखंड. आधी बारीक बिटाने भोक न पाडता स्क्रू घातलात तर स्क्रूचं डोकं तुटून हातात येईल. लाकूड असं असलं की हरणाची काळजी मिटते. काळजी करायची ती आपली. १९८० च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि जुन्या खरखरीत प्लास्टरमध्ये ॲस्बेस्टॉस. शंका आली तर ड्रिल बाजूला ठेवून आधी तपासून घ्यावं. मास्क लावून 'चालतंय की' म्हणायची ही जागा नव्हे.

घर भाड्याचं असेल तर मालकाला लेखी विचारावं. ११ फेब्रुवारी २०२१ पासून नियम असा आहे की किरकोळ बदलाला मालकाला विनाकारण नाही म्हणता येत नाही, आणि उत्तर २१ दिवसांच्या आत द्यावं लागतं. तीन फुटी शिंगांचं हरीण किरकोळ आहे का, हा प्रश्न त्याच्या मनात येईल. पत्रात वजन लिहावं, फळीचं आणि स्क्रूंचं वर्णन लिहावं, जाताना भिंत होती तशी करून देऊ असं लिहावं. हरणाचा फोटो जोडू नये.

सामानाला शनिवारी सकाळी बनिंग्स किंवा मायटर टेनमध्ये जावं. बनिंग्सच्या दाराशी सॉसेज भाजत असतात. संकष्टी असेल तर रविवारी जावं. आत गेल्यावर प्लॅस्टिकच्या प्लगांची आणि टॉगलांची अख्खी भिंत लागेल, प्रत्येक पाकिटावर किलोंचे दणदणीत आकडे. माझं मत स्पष्ट आहे, आरसे आणि फोटो त्यांच्यावर लावावेत, हरीण लावू नये. ते आकडे बहुधा भिंतीलगत सरळ खाली जाणाऱ्या भाराचे असतात, आणि आपल्या हरणाला मान आहे हे पाकिटाला माहीत नसतं.

त्यापेक्षा १८ मिलिमीटर जाडीची प्लायवुडची फळी घ्यावी, दोन स्टड गाठतील एवढी लांब. ती भिंतीच्याच रंगाने रंगवावी, किंवा रिमूचं वेष्टण लावून मुद्दाम दाखवावी. फळी पाणसळ लावून आडवी धरावी, प्रत्येक स्टडच्या मध्यरेघेवर वर एक आणि खाली एक असं तीन मिलिमीटरच्या बिटाने भोक पाडावं. फळी पार झाली की पहिल्या दहा मिलिमीटरला पांढरी पूड पडते, नंतर हात थोडा अडतो आणि पिवळसर भुसा येतो. हा भुसा दिसला की निम्मी लढाई जिंकली. नुसतीच पांढरी पूड येत राहिली आणि ड्रिल भसकन आत गेलं, तर तुम्ही पोकळीत आहात, सरकून पुन्हा. मग ७५ मिलिमीटरचे दहा गेजचे लाकडाचे स्क्रू. १८ फळीत गेले, १० जिबमध्ये, उरलेले ४७ लाकडात. फळी बसल्यावर तिला दोन्ही हातांनी लटकून पाहावं. आपल्या वजनाला ती हलली नाही तर हरणाला हलणार नाही. हे सासूबाईंसमोर करू नये.

फळीवर पंचेचाळीस अंशांत कापलेली लाकडी पट्टी स्क्रूने बसवायची, तिरपी कड वर आणि भिंतीकडे उतरती. तिची जोडीदार हरणाच्या मागच्या पाटाला, उलटी. एक दुसरीत वरून बसली की भार जितका वाढेल तितकी पकड घट्ट होते. सुतार याला फ्रेंच क्लीट म्हणतात. पण क्लीट वर उचललं की सुटतं, आणि भूकंप वरही उचलतो. म्हणून हरीण बसल्यावर पाटाच्या खालच्या कडेतून फळीत एक आडवा स्क्रू घालावा. हा स्क्रू लोक विसरतात.

टांगायच्या दिवशी माणसं तीन लागतात. दोघं उचलायला, शिंगं नव्हे, पाट धरून. शिंगांना धरून उचललेलं हरीण कवटीच्या सांध्यात ढिलं होतं. तिसरा लांब उभा राहून "जरा डावीकडे" म्हणायला. तिसरं माणूस घरात आपोआप तयार होतं, कधी कधी चारपाच होतात. त्यांच्यातलं एकही माणूस 'वाकडं आहे' म्हणाल्याशिवाय राहणार नाही. त्यावर ठाम राहावं. पाणसळ पाटावर ठेवून पाहावी, शिंगांवर नाही. दोन्ही शिंगं हुबेहूब सारखी असलेलं हरीण विरळा. इथले शिकारी गुण मोजतात त्या डग्लस पद्धतीत दोन्ही बाजू सारख्या असण्यालाच भाव आहे, तो त्यामुळेच. व्याही आले की त्यांनाच विचारावं, किती गुण पडले होते म्हणून. पुढचा दीड तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

निगा फारशी नाही. केसांच्या दिशेने, किंचित ओलसर कापडाने, हलक्या हाताने धूळ पुसावी. केरसुणी मारू नये. डोळ्यांच्या काचा कापसाने. कसर लागते, लोकरी कपड्यांना लागते तीच. खाली फरशीवर केस गळलेले किंवा बारीक भुकटी दिसली तर वेळीच बघावं. दिवाळीत शिंगांना आकाशकंदील अडकवण्याची कल्पना घरातल्या कुणाला तरी सुचतेच. शिंगांना वजन पेलतं, पण कंदिलाच्या दिव्याची उष्णता केसांना सोसत नाही. दसऱ्याला आपट्याचं पान कानामागे खोचायला माझी हरकत नाही.

भाड्याचं घर सोडताना फळी काढा, स्क्रूची भोकं भिंतीत भरायच्या लांबीने भरा, वाळल्यावर पॉलिशपेपरने घासा, आणि रंग लावा. रंग पांढराच असेल. मात्र दुकानात जाऊन "पांढरा द्या" म्हणू नका. इथल्या रंगवाल्यांकडे एकेका पांढऱ्याचे पाव, अर्धा, पूर्ण आणि दुप्पट असे प्रकार असतात, आणि पाव स्पॅनिश व्हाइट लावलेल्या भिंतीवर अर्धा स्पॅनिश व्हाइट लावला तर ठिगळ रस्त्यावरून दिसतं. मालकाकडून नेमकं नाव लिहून घ्या, सोबत जिबचा रंगवलेला एक कपचा न्या, आणि आधी छोटा डबा घेऊन कोपऱ्यात लावून पाहा. ज्यांच्या आजोबांनी पावकी-निमकी तोंडपाठ करून घेतली होती, त्यांना हे काम सोपं जावं.